आम्ही नवे अंगठाबहाद्दर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या बिघाडावर लेख लिहावा, हे आमच्या काही मित्रांना सुताराने सोनाराच्या दुकानात जाऊन रंधा मारण्यासारखे वाटेल. 'तू आपला पावसावर लिही, फार तर एस. टी. स्टँडवर लिही,' असा प्रेमळ सल्लाही मला मिळाला. परंतु ज्याचे जळते त्यालाच कळते. ह्या वार्षिकांकाच्या कामानिमित्त गेले वर्षभर ग्रंथालयातल्या संगणकाशी आणि त्याला जोडलेल्या एका बोटभर यंत्राशी माझी जी झटापट झाली, तिने मला पुष्कळ शिकवले. ते सांगावे, आणि सांगता सांगता थोडे भांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम पार्श्वभूमी. आमच्या वाचनकक्षाच्या कोपऱ्यात एक संगणक आहे. त्यावर उबुंटू नावाची, लिनक्स कुळातली कार्यप्रणाली आहे; ती फुकट मिळते, हे तिच्या निवडीमागचे मुख्य कारण असावे. हा संगणक तिघे-चौघे वापरतात आणि प्रत्येकाचे खाते वेगळे आहे. सकाळी साडेसातला ग्रंथालय उघडणारे मामा त्यावर आलेल्या वर्तमानपत्रांची आणि नियतकालिकांची नोंद करतात. दुपारनंतर आम्ही अंक समितीची मंडळी मजकूर टंकित करतो. पासवर्ड विसरणे हा आम्हा सर्वांचा सामाईक गुण. त्यामुळे पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर सर्वांचे पासवर्ड सूचनाफलकावरील नोटिशींसारखे झळकत असत. ह्यावर उपाय म्हणून बोटाच्या ठशाने दार उघडणारे यंत्र, म्हणजे फिंगरप्रिंट रीडर, आणावयाचे ठरले. महाविद्यालयांत पूर्वी 'रीडर' नावाचे एक पद असे. ते रीडर पुस्तके वाचीत. हा रीडर नुसती बोटे वाचणार होता.

पहिला रीडर आला तो मुका निघाला. खोक्यावर 'सर्व संगणकांवर चालते' असे ठसठशीत छापलेले होते. आमच्या संगणकाने मात्र त्याची दखलही घेतली नाही. सेटिंग्जमधील 'युजर्स' विभागात बोटाच्या ठशाने प्रवेश देणारी जी ओळ दिसावयास हवी, ती दिसेचना. दोन दिवस आम्ही यंत्र काढून घालून पाहिले, संगणक बंद-चालू केला. एकाने उदबत्ती लावण्याची सूचना केली, ती सभेने नामंजूर केली. शेवटी संगणक प्रयोगशाळेच्या सरांनी उलगडा केला. लिनक्समध्ये बोटे वाचण्याचे काम 'लिबएफप्रिंट' नावाचा प्रोग्रामसंग्रह आणि त्यावर चालणारी 'एफप्रिंटडी' ही सेवा करते. ह्या संग्रहाला कोणकोणती यंत्रे कळतात त्याची यादी प्रसिद्ध आहे. प्रत्येक यंत्राला उत्पादकाचा व नमुन्याचा क्रमांक असतो आणि 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की तो पडद्यावर दिसतो. आमचा क्रमांक यादीत नव्हता. म्हणजे भाषाच न समजणाऱ्या पाहुण्याला आम्ही दोन दिवस मोठमोठ्याने हाका मारीत होतो! तेव्हा पहिला धडा: आधी यादी, मग खरेदी. यंत्र परत गेले आणि यादीतले दुसरे एक यंत्र प्रयोगशाळेतून उसने आले.

आता हे यंत्र करते काय, ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. कारण पुढच्या साऱ्या भानगडींचे मूळ तेथे आहे. पासवर्डाचा व्यवहार अगदी रोखठोक असतो. एक अक्षर चुकले तरी चूक, सारी जुळली तर बरोबर. बोटाचे तसे नाही. बोटावरच्या रेषा कोठे संपतात, कोठे फुटून त्यांच्या दोन होतात, अशा खाणाखुणांचा एक नकाशा यंत्र नोंदणीच्या वेळी तयार करून ठेवते. पुढे प्रत्येक वेळी बोट टेकवले की नवा नकाशा जुन्याशी ताडून पाहते. हे दोन नकाशे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. बोट थोडे तिरके पडते, कमीजास्त दाबले जाते, घामेजलेले असते. म्हणून यंत्र 'तेच आहे का?' असे विचारीत नाही. 'पुरेसे सारखे आहे का?' असे विचारते. हा 'पुरेसे'चा उंबरठा उंच केला तर घरची माणसे अडखळतात आणि खाली आणला तर चोर आत येतो. थोडक्यात, पासवर्ड म्हणजे गणिताची उत्तरपत्रिका आणि बोट म्हणजे मराठीची. दुसऱ्या ठिकाणी गुण देणाऱ्याच्या अंदाजाला वाव असतो, हे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगावयास नको.

ह्या अंदाजाचा पहिला फटका बसला तो मामांना.

मामांनी ग्रंथालयात उभी हयात पुस्तके बांधण्यात घालवली आहे. खळ, सरस, पुठ्ठा, दाभण आणि मेणदोरा ह्यांच्या संगतीत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काचेसारखी गुळगुळीत झाली आहेत. नोंदणीच्या वेळीच यंत्र कुरकुरले. पुन्हा टेकवा, पुन्हा टेकवा, असे पंधरा-वीस वेळा म्हणाले. कशीबशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज लवकर गेलो, तर मामा संगणकापुढे उभे. बोट टेकवीत होते, सदऱ्याला पुशीत होते, पुन्हा टेकवीत होते. पडद्यावर नकार उमटत होता. मागे दोन विद्यार्थी वर्तमानपत्रांसाठी खोळंबले होते आणि त्यांतला एक हसत होता.

"राहू द्या मामा, मी उघडतो," मी म्हणालो.

मामा बाजूला झाले. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "पोरा, आमच्या बापानं सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, त्यात जमीन गेली. म्हणून मला त्यानं शाळेत घातलं. का, तर अंगठा देऊ नको, सही कर. मी सही शिकलो. आता हे यंत्र म्हणतंय, सही नको, अंगठा दे. आणि दिला तर म्हणतंय, हा तुझा नव्हेच!"

वाचकहो, ह्या बोलण्यावर मला उत्तर सुचले नाही. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपण आजवर किती सहजपणे वापरला! ज्याला अक्षर येत नाही तो अंगठाबहाद्दर. आज पदवीधर मंडळी मोठ्या ऐटीत अंगठा टेकवून आपापली यंत्रे उघडतात, आणि कष्टाने अक्षर शिकलेला माणूस अंगठा झिजला म्हणून दाराबाहेर उभा राहतो. काळाने हा शब्द असा उलटा केला.

मामांची अडचण दूर करावयाची म्हणून मी कामाला लागलो. त्यातून निदानाचा जो क्रम हाती आला तो येथे नोंदवतो. दुसऱ्या कोणाचे दोन दिवस वाचले तर बरेच.

पहिली तपासणी बोटाची आणि काचेची. काच कोरड्या मऊ कापडाने पुसावी. बोट ज्या अवस्थेत रोज टेकवले जाणार, त्याच अवस्थेत नोंदवावे. मामांची नोंद आम्ही दुपारी केली होती, आणि सकाळी ते टेबले पुसून ओलसर गार हाताने येत. शिवाय उजवा अंगठाच नोंदवला पाहिजे असा काही दंडक नाही. दहाही बोटे नोंदवता येतात. कमी राबलेले बोट निवडावे. मामांच्या डाव्या हाताची अनामिका नोंदवली, तेव्हा पाचांतून चार वेळा दार उघडू लागले.

दुसरी तपासणी यंत्राची. संगणक झोपी गेला की वीज वाचवण्यासाठी जोडलेली यंत्रेही झोपवली जातात. संगणक जागा होतो, पण रीडर कधी कधी डोळे उघडत नाही. तेव्हा तो काढून पुन्हा घालणे हा तात्पुरता इलाज. आणि फाटे फोडणाऱ्या जोडणीऐवजी तो थेट संगणकाच्या पाठीशी जोडणे, हाही करून पाहण्यासारखा.

तिसरी तपासणी जुन्या ठशांची. काही रीडर ठसे संगणकात न ठेवता स्वतःच्याच पोटात साठवतात. आमचा उसना रीडर प्रयोगशाळेत दुसऱ्या कार्यप्रणालीवर वापरलेला होता आणि त्याच्या पोटात तिकडची बोटे शिल्लक होती. त्यामुळे सुरुवातीला नवी नोंदणीच होईना. पूर्वीच्या संगणकावर जाऊन ते ठसे पुसले, तेव्हा गाडी रुळावर आली. ठसा जुळतो की नाही, एवढेच पाहावयाचे असेल तर 'एफप्रिंटडी-व्हेरिफाय' ही आज्ञा आहे. तेथे ठसा जुळला आणि प्रवेशाच्या पडद्यावर मात्र जुळला नाही, तर दोष बोटात नसून पुढच्या साखळीत आहे असे समजावे.

चौथी तपासणी ह्या साखळीची. लिनक्समध्ये कोणाला कसे आत घ्यावयाचे, हे 'पॅम' नावाची व्यवस्था ठरवते. तिला देवडीवरचा पहारेकरी म्हणा. प्रवेशाच्या पडद्यावर बोट आणि पासवर्ड ह्या दोघांची वाट एकाच वेळी पाहिली जाते. पण टर्मिनलमध्ये 'सुडो' ही अधिकाराची आज्ञा दिली की दोघे रांगेत उभे राहतात. आधी बोट, ते न आले तर पासवर्ड. बोटासाठी काही सेकंद थांबणे ठरलेले असते. त्यामुळे पासवर्ड विचारलाच जात नाही आणि संगणक गोठला, असा भास होतो. उबुंटूत 'पॅम-ऑथ-अपडेट' ही आज्ञा देऊन बोटाचा हा पहारा काढता किंवा घालता येतो. तो अधिकार अर्थात सरांकडे.

येथवर सारे सुरळीत झाले असे समजून मी निर्धास्त झालो, आणि मग पाळी आली माझी.

बोटाने दार उघडू लागल्यापासून रोज एक खिडकी समोर येई. किल्ल्यांचा जुडगा उघडलेला नाही, पासवर्ड द्या, असा तिचा मजकूर. मी ती रोज रद्द करीत असे; कारण टंकलेखनाला तिची गरज पडत नव्हती. असे तीन महिने गेले. छापखान्याकडे मजकूर पाठवण्याचा दिवस उजाडला. अंकाच्या ईमेल खात्याचा पासवर्ड मी पूर्वीच ह्या जुडग्यात ठेवलेला होता. जुडगा उघडण्यासाठी माझा पासवर्ड हवा. आणि तीन महिने बोटाच्या भरवशावर काढल्यामुळे तो मी साफ विसरलो होतो. चिठ्ठी तर 'आता काय करावयाची आहे?' म्हणून मीच फाडून टाकली होती. सरांनी अधिकार वापरून माझ्या खात्याला नवा पासवर्ड दिला. मी हर्षभरित होऊन आत शिरलो, तर जुडगा पुन्हा जुनाच पासवर्ड मागू लागला!

ह्याला बिघाड म्हणता येणार नाही, हे मला त्या रात्री कळले. जुडग्यातली गुपिते पासवर्डापासून घडवलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेली असतात. पासवर्ड टंकित करून आत आले की तोच पासवर्ड जुडग्यालाही लागू पडतो आणि तो मुकाट्याने उघडतो. बोटाने आत आले की पहारेकऱ्याला एवढेच कळते, की माणूस ओळखीचा आहे. पण कुलपाला ओळख पुरत नाही, त्याला किल्ली लागते. आणि बोटातून किल्ली निघत नाही. सरांनी दाराचे कुलूप बदलले, म्हणून आतल्या तिजोरीचे बदलत नाही. शेवटी तो जुडगा टाकून नवा करावा लागला. ईमेलचा पासवर्ड गेल्या वर्षीच्या, आता नोकरीला लागलेल्या संपादक विद्यार्थ्याला रात्री साडेनऊला फोन करून मिळवावा लागला, आणि त्याबरोबर आलेले चार शब्दही ऐकावे लागले. ही खिडकी कायमची घालवण्याचा एक मार्ग आहे: जुडग्याचा पासवर्ड कोरा ठेवणे. पण मग आतली गुपिते कुलपाशिवाय उघडी पडतात. खिडकीचा त्रास चुकवण्यासाठी घराची भिंतच पाडण्याचा हा प्रकार. तो मी केला नाही, हीच त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

आता माझे म्हणणे मांडतो. बोटाचा ठसा ही ओळख आहे, किल्ली नव्हे. ती पासवर्डाच्या जागी बसवणे ही मूळ चूक आहे; आमचे बाकीचे सारे बिघाड हे ह्या चुकीचे नातेवाईक.

इतिहासही हेच सांगतो. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल ह्या इंग्रज अधिकाऱ्याने कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा छाप करारनाम्यावर घेतला. आपली सही आपली नव्हे, असे म्हणण्याची पुढे त्याला छाती होऊ नये, हा उद्देश. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या आपल्या दोन माणसांनी वर्गीकरणाचे किचकट काम केले आणि पद्धतीला नाव लागले ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री ह्यांचे. सांगण्याचा मुद्दा हा, की ठशाचा जन्मच मुळी 'हा माणूस तोच' हे सिद्ध करण्यासाठी झाला. गुपित राखणे हे त्याचे काम कधीच नव्हते, आणि तो गुपित राहूही शकत नाही. आपण चहाच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर, ग्रंथालयाच्या पुस्तकांवर तो दिवसभर वाटत फिरतो. २००२ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो ह्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनची, म्हणजे मिठाईत घालतात त्या पदार्थाची, बोटे बनवून रीडरांना चकवून दाखवले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी खात्यातून सुमारे ५६ लाख माणसांचे ठसे चोरीस गेल्याचे जाहीर झाले. पासवर्ड चोरीला गेला तर दुसरा ठेवता येतो. त्या ५६ लाखांनी नवी बोटे कोठून आणावीत?

ह्यावर माझे मित्र म्हणतात, 'अरे, पण तुमच्या पिवळ्या चिठ्ठ्यांपेक्षा बोट बरे नव्हे का?' हा आक्षेप खरा आहे, तो मी टाळणार नाही. गर्दीच्या वाचनकक्षात खांद्यावरून डोकावणाऱ्यापुढे पासवर्ड टंकित करण्यापेक्षा बोट टेकवणे बरे. पाच मिनिटे उठून गेलो आणि पडदा बंद झाला, तर तो उघडावयास बोटच सोयीचे. माझे भांडण सोयीशी नाही. एकमेव दार म्हणून तिला उभे करण्याशी आहे. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे कळते. विंडोज हॅलोमध्ये बोट नोंदवण्याआधी पिन ठेवावाच लागतो. आपले मोबाईलसुद्धा बंद करून चालू केले की प्रथम बोट मानीत नाहीत, आकडे मागतात. म्हणून आता माझा नियम असा आहे: दिवसाच्या सुरुवातीला पासवर्ड, मग दिवसभर बोट. जुडगाही उघडतो आणि पासवर्डही स्मरणात राहतो.

आणि ह्या प्रश्नाला केवळ संगणकाचा प्रश्न समजून चालणार नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर बोट टेकवणे गावोगावच्या रेशन दुकानापर्यंत पोहोचले. तेथे ज्यांची बोटे जुळत नाहीत ती माणसे कोण असतात? ऊस तोडणारी, विटा थापणारी, भांडी घासणारी आणि म्हातारी. ज्याने अधिक राबावे त्याचीच ओळख आधी पुसली जावी, हा कोठला न्याय? तेथे डोळ्यांची बुबुळे, मोबाईलवरचा आकडा अशा दुसऱ्या वाटा ठेवलेल्या आहेत; त्या खरोखर उघड्या आहेत की नाहीत, हे पाहणे आपले काम आहे. आमच्या ग्रंथालयात पेच होता वर्तमानपत्रांच्या नोंदीचा. दुकानात पेच असतो महिन्याच्या धान्याचा.

म्हणून आमच्या महाविद्यालयापुरत्या माझ्या तीन मागण्या आहेत. जेथे जेथे बोटाचे यंत्र बसेल, तेथे शेजारी दुसरा मार्ग उघडा असावा, आणि तो वापरणाऱ्याला कारण विचारू नये. ठसे कोठे साठवले जातात, हे ठसा देणाऱ्याला आधी सांगावे. आणि तिसरी मागणी आपणा सर्वांकडे: यंत्राने नकार दिला की आधी यंत्र तपासावे, माणूस नव्हे. मागे उभे राहून हसू तर नयेच.

मामांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. अनामिका पाचांतून चार वेळा चालत होती. मी तेवढ्यावर खूश होतो. मामा नव्हते. एक दिवस म्हणाले, "पोरा, पाचव्या वेळेला मी कोण असतो?" मग त्यांनी स्वतःच पासवर्ड मागितला. मी त्यांना सांगितले की चार-पाच असंबद्ध शब्द जोडून ठेवा, लांब असला की चांगला आणि लक्षातही राहतो. त्यांनी मला तोंड फिरवावयास लावले, आणि दोन बोटांनी, एकेक कळ शोधत, तो टंकित केला. चिठ्ठी चिकटवली नाही. रोज सकाळी ते तो हळूहळू, मान खाली घालून लिहितात आणि दार प्रत्येक वेळी उघडते.

त्यांनी कोणते शब्द ठेवले, मला ठाऊक नाही. ठाऊक असताही कामा नये. आपल्या बापाला न मिळालेली अक्षरे ते रोज सकाळी साडेसातला वापरतात, एवढे मला पुरते.

— तृतीय वर्ष कला (मराठी)